पट्टीवरचा स्पीड

रत्नप्रभा परुळेकरबाईंच्या मुलुंडच्या टायपिंग क्लासमध्ये नियम एकच होता आणि तो बत्तीस वर्षं होता. बोटांकडे बघायचं नाही. कुणाची नजर खाली गेली रे गेली की बाई उठायच्या आणि त्याच्या दोन्ही हातांवर नॅपकिन टाकायच्या. प्रत्येक टेबलाला एक नॅपकिन टांगलेला असायचाच. हात नॅपकिनखाली, डोळे पुस्तकावर, आणि बोटांनी आपली वाट आपण शोधायची. कुणी कुरकुरलं तर बाई म्हणायच्या, "अंधारात घास नाकात जातो का रे तुझा?" कुरकुर तिथेच संपायची.

तर अशा या क्लासात विशाल उगवला. विशाल म्हणजे बाईंचा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा. अंधेरीला एका कंपनीत होता. तिथे तो नेमकं काय करायचा हे त्याच्या आईलाही सांगता यायचं नाही, पण दिवसभर त्याच्या मीटिंगा चालायच्या आणि पगार झकास होता, म्हणजे काम महत्त्वाचंच असणार. त्याच्या कंपनीने ‘चपळ’ नावाचा लॅपटॉप काढला होता. या चपळच्या कीबोर्डावर सगळ्यात वरची बटणांची रांगच नव्हती. तिच्या जागी काचेची एक बारीक पट्टी होती. ती उजळायची, रंग बदलायची, आणि बोट लावलं की काम करायची.

"मावशी, बटणं संपली," विशालने जाहीर केलं. "फ्यूचर टचचं आहे."

"संपली? मग ही खाली काय भेंडी लावलीय?"

"वरची रांग गं. एफ वन, एफ टू ती. सांग ना, एफ सेव्हन तू शेवटचं कधी दाबलंस?"

बाईंनी एफ सेव्हन जन्मात दाबलं नव्हतं. पण भाच्यापुढे माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "परदेशातल्या एका बड्या कंपनीने असलीच पट्टी आणली होती म्हणे. पेपरात वाचलंय मी. चार-पाच वर्षं मिरवली आणि मग गपचूप नारळ दिला तिला."

"त्यांना जमलं नाही. ते लोक युजरचं ऐकतच नाहीत. आम्ही ऐकतो."

"अरे, पण मी काय म्हणते..."

"ऐक तर आधी," असं म्हणून तो पुढे अर्धा तास बोलला.

सार असं की कंपनी बारा मशिनं क्लासला फुकट देणार होती. बदल्यात मुलांनी ती वापरायची, आणि शेवटी एक छोटासा व्हिडिओ. बाईंचे जुने कॉम्प्युटर इतके दमलेले होते की सकाळी सुरू केले तर दुपारी डोळे उघडायचे. एके काळी तीन बॅचेस भरून वाहणाऱ्या क्लासात आता नऊ मुलं उरली होती. बाईंनी दोन दिवस विचार केल्याचं नाटक केलं आणि हो म्हटलं.

आता या पट्टीची करामत ऐका. तुम्ही खाली टाइप करत असलात की पुढचे शब्द कोणते येतील ते ती ओळखायची आणि वर उजळून दाखवायची. त्यावर बोट ठेवलं की शब्द पडद्यावर हजर. आणि आपली सरकारी मराठी! ‘उपरोक्त’ एवढं लिहिलं की पट्टी म्हणायची ‘विषयाच्या अनुषंगाने’. त्यावर बोट ठेवलं की म्हणायची ‘आपणांस कळविण्यात येते की’. जे लिहायला एक कारकून, एक हेडक्लार्क आणि दोन चहा लागतात ते काम तीन टिचक्यांत. एवढी हुशार पट्टी, पण तिला बघितल्याशिवाय वापरता येत नव्हतं. काचेवर बोटाला काय कळणार, कुठला शब्द कुठे संपतो ते? म्हणजे खाली बघणं आलं. म्हणजे नॅपकिन गेले. बाईंनी ते धुऊन, घडी घालून कपाटात ठेवले आणि स्वतःलाच सांगितलं, काळाबरोबर चालावं माणसाने.

या सगळ्यात जिचा जीव टांगणीला लागला होता ती संघमित्रा खरात.

संघमित्रा एकोणचाळीस वर्षांची, राहायला घाटकोपरला, माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं. नवरा सरकारी कचेरीत कारकून होता. एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि दुपारपर्यंत गेला. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळाली. अनुकंपा म्हणजे सरकारची दया, आणि सरकारच्या दयेलाही मुदत असते. मराठी टायपिंगची तीसच्या स्पीडची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा दोन वर्षांत पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. संघमित्रा दोनदा नापास झाली होती. आता शेवटची संधी उरली होती. मुलगी श्रुतिका नववीत, सासू अंथरुणाला, घरात कमावणारी ही एकटी. बावीसच्या स्पीडवर तिची गाडी अडली होती ती अडलीच होती.

ती कामावरून थेट क्लासला यायची, सहाच्या ठोक्याला. डबा ठेवायची, हात धुवायची आणि बसायची. बोलायची कमी. चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची, त्याही हळू आवाजात. बाईंना अशी माणसं आवडायची. वडील गिरणीत होते त्यांचे, राबणारा माणूस त्या लांबून ओळखायच्या.

चपळ आला आणि आठवड्यात संघमित्राचा स्पीड अठ्ठावीस झाला. पुढच्या आठवड्यात सदतीस. तिसऱ्या आठवड्यात एक्कावन्न! पडद्यावर आकडा आला तेव्हा तिने तो तीनदा वाचला, मग तोंडावर हात घेतला आणि खळखळून हसली. दीड वर्षात बाईंनी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. सगळ्या क्लासने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तिने कचेरीत सगळ्यांना सांगितलं, हेडक्लार्कलासुद्धा, आणि हेडक्लार्कने म्हणे पहिल्यांदाच तिला ‘बसा’ म्हटलं.

बाईंच्या क्लासबाहेर नवा बोर्ड लागला. ‘हमखास पन्नासचा स्पीड’. नऊ मुलांची चाळीस झाली.

आणि मग तो बुधवार आला. बाई संघमित्राच्या मागे उभ्या होत्या. तिच्यासमोर सरावाचं पुस्तक उघडं होतं. हे पुस्तक बाईंनीच बत्तीस वर्षांपूर्वी तयार केलेलं, अठ्ठेचाळीस उताऱ्यांचं. तेव्हापासून त्यात कानामात्रा बदललेली नव्हती. पुस्तकाचं पान होतं एकेचाळिसावं. संघमित्राने पान उलटलं नव्हतं, आणि पडद्यावर बेचाळिसाव्या पानावरचा मजकूर धडाधड उमटत होता. तिचे डोळे पुस्तकावर नव्हतेच. ते पट्टीवर होते. पट्टी उजळत होती, ही बोट ठेवत होती, पट्टी उजळत होती, ही बोट ठेवत होती.

चाळीस मुलं रोज तेच अठ्ठेचाळीस उतारे टाइप करत होती, आणि बाराही मशिनं आतून एकमेकांना जोडलेली. पट्टीने अख्खं पुस्तक पाठ केलं होतं! एक्कावन्नचा स्पीड संघमित्राचा नव्हताच. तो पट्टीचा होता. आणि परीक्षेच्या हॉलमध्ये असतात ते साधे, काळे, मख्ख कीबोर्ड.

आता कुणालाही वाटेल, बाईंनी तिथल्या तिथे तिला थांबवलं असेल. बत्तीस वर्षं शिकवणाऱ्या मास्तरीण त्या, शिस्तीच्या! पण नाही. बाई पुढच्या टेबलावर गेल्या आणि एका मुलाला सरळ बसायला सांगितलं.

का? एक म्हणजे संघमित्रा हसली होती. ते हसू पुसायचं कुणी? दुसरं म्हणजे चाळीस मुलं. तिसरं म्हणजे तो बोर्ड, ज्याच्याकडे बाई येता-जाता मान वर करून बघायच्या. ही दोन आणि तीन नंबरची कारणं बाई स्वतःलाही सांगत नव्हत्या. स्वतःला त्या एवढंच सांगत होत्या की व्हिडिओ होऊन जाऊ दे, मग सांगू, वेळ आहे अजून. परीक्षेला वेळ होता बत्तीस दिवसांचा. त्यातले एकवीस गेले.

व्हिडिओचं शूटिंग क्लासमध्येच होईल असं बाईंना वाटलं होतं. त्यांनी भिंती पुसून घेतल्या, स्वतःची काठापदराची साडी इस्त्रीला दिली. मग कंपनीच्या मधुवंती मॅडम येऊन बघून गेल्या. मॅडम फार गोड बोलायच्या. त्यांनी मोबाइलवर चार कोनांतून फोटो काढले आणि म्हणाल्या, "बाई, क्लास खूप रिअल आहे. पण कॅमेऱ्यात तो क्लाससारखा दिसत नाहीये."

म्हणून मढला एक बंगला भाड्याने घेतला. तिथे जुनी लाकडी बाकं मांडली, खिडकीत तुळस ठेवली, कोपऱ्यात गंजका टाइपरायटर ठेवला आणि भिंतीला मुद्दाम पोपडे काढले. मुलुंडच्या टायपिंग क्लासचा हुबेहूब क्लास तयार झाला, फक्त मुलुंडचा कुठला क्लास तसा दिसत नव्हता. बाईंना चष्मा नाकावर ओढून बसायला सांगितलं. बाईंना चष्मा नव्हता. तोही दिला.

संघमित्राने त्या दिवशी कामावर रजा टाकली होती. एकच रजा उरली होती तिची. निळी साडी नेसली होती, केसांना तेल न लावता पहिल्यांदाच बाहेर पडली होती. तिच्यासमोर चपळ ठेवला, शेजारी एक कागद ठेवला. मधुवंती मॅडम म्हणाल्या, "हे टाइप करायचं हं. सुंदर लिहून घेतलंय आम्ही. ‘माझ्या बोटांना पंख फुटले’ वगैरे."

"आमच्या पुस्तकातलं नाही?" बाईंनी विचारलं. आवाज जरा चिरकलाच.

"ते ‘कळविण्यात येते की’? बाई, ॲड आहे ही!"

कॅमेरा सुरू झाला. संघमित्राने ‘माझ्या’ लिहिलं आणि वर बघितलं. पट्टीने ‘रजेचा अर्ज’ दाखवलं. तिने मान हलवून ‘बोटांना’ हाताने लिहिलं, अडखळत. पट्टीने ‘शाई लावून अंगठा’ सुचवला. सरकारी कागदांवर वाढलेल्या त्या बिचाऱ्या पट्टीला पंखांचं काय माहीत? संघमित्राने पुन्हा वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं, बटण शोधलं, चुकीचं दाबलं, पुसलं. तिच्या कपाळावर घाम आला. तीन मिनिटं संपली. मग पडद्याच्या कोपऱ्यात स्पीड आला. अठरा.

क्लासात पहिल्यांदा आली होती तेव्हाही इतका कमी नव्हता.

"काही प्रॉब्लेम नाही!" मधुवंती मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या. "आपण एडिटमध्ये फास्ट करू. चौसष्टपर्यंत नेऊ. विशाल, चौसष्ट बरं वाटतं ना?"

"सत्तर करू या," विशाल म्हणाला.

संघमित्रा उठून उभी राहिली. "माझी परीक्षा पण एडिट करून देणार का तुम्ही?"

सगळे हसले. त्यांना वाटलं, ही विनोदी आहे. कॅमेरावाला तर म्हणाला, हे ठेवा यार, कडक आहे.

परतीच्या गाडीत मागे दोघीच होत्या. मालाड गेलं, गोरेगाव गेलं. संघमित्राच्या हातात रुमाल होता, त्याचा पीळ करत होती. पवईच्या तलावापाशी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा तिने विचारलं, "बाई, त्या पट्टीला आपलं पुस्तक पाठ झालंय. तुम्हाला ठाऊक होतं?"

नाही म्हणायला एक सेकंद लागला असता. भल्याभल्यांनी म्हटलं असतं. बाईंच्या जिभेवर आलंही होतं.

"होतं," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

संघमित्राने हिशेब केला असणार. तीन आठवडे म्हणजे रोजचे दोन तास. परीक्षेला उरले अकरा दिवस. "मी घरी पोरीला सांगून बसले, बाई. म्हटलं, आता भ्यायचं नाही. सासूला सांगितलं. तुम्ही मला तसंच हसू दिलंत?"

"संघमित्रा, ऐक गो माझं. अजून अकरा दिवस आहेत. उद्यापासून सकाळी पण ये. मी स्वतः बसते तुझ्याबरोबर..."

"गाडी थांबवा दादा," ती ड्रायव्हरला म्हणाली, आणि भर ट्रॅफिकमध्ये दार उघडून उतरली. फुटपाथवर जाऊन तिने मागे वळून बघितलं नाही. समोरून रिक्षा आली, तिला हात केला आणि गेली.

बाई घरी गेल्या आणि साडीसकट पलंगावर बसून राहिल्या. लाज वाटत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल पेनने काढल्या, आणि स्वतःची चूक तीन आठवडे पदराखाली झाकून ठेवली! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इन्सुलेशन टेपचं रीळ आणलं आणि बाराही पट्ट्यांवर काळी टेप चिकटवली. अठ्ठेचाळीस उताऱ्यांचं पुस्तक रद्दीत घातलं. रोजच्या पेपरातला ताजा उतारा फळ्यावर लावायला सुरुवात केली. पोरांचे स्पीड धाडकन खाली आले आणि पहिल्या आठवड्यातच चाळिसातली अकरा पोरं फी परत मागायला आली.

विशाल धावत आला. "मावशी, टेप? आमच्या पट्टीला टेप? युजर रिसर्चची वाट लावलीस तू!"

"तुमच्या युजरची वाट लागलीय ती दिसत नाही तुला? तो बोर्ड खाली उतरव आधी."

"अगं, पण मार्केटला काय सांगणार आम्ही?"

"शिरा पडली तुझ्या मार्केटच्या तोंडार! स्टूल घे आणि चढ." चिडल्या की बाईंची मालवणी बाहेर पडायची.

विशालने बोर्ड उतरवला. उतरवताना त्याचा फोटो काढून घेतला, कारण कंपनीत दाखवायला लागणार होता.

त्या अकरा दिवसांत बाईंनी संघमित्राला दिवसाला तीन-तीन फोन केले. तिने उचलले नाहीत. सहाच्या ठोक्याला बाई दाराकडे बघायच्या. तिच्या टेबलावर त्यांनी एक साधा कीबोर्ड वायर लावून तयार ठेवला होता, कुणाला हात लावू देत नव्हत्या. एकदा घाटकोपरला जाऊन यावं असंही त्यांच्या मनात आलं. चप्पल घालून जिन्यापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. जाऊन म्हणायचं काय?

परीक्षा झाली. व्हिडिओ आला. त्यात संघमित्राचा चेहरा होता आणि हात भलत्याच कुणाचे तरी होते, गोरे, लाल नखांचे. स्पीड अठ्ठ्याहत्तर होता. खाली लोकांनी बदाम टाकले. पुढच्या महिन्यात कंपनीने चपळचं नवं मॉडेल जाहीर केलं. त्यात वरची बटणांची रांग परत आली होती. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘युजरचं ऐकून, खास तुमच्यासाठी’. विशालला बढती मिळाली. म्हणजे पट्टीला भवितव्य नव्हतं, पण पट्टी बसवणाऱ्याला होतं.

दीड महिन्याने, एका दुपारी बाई एकट्याच क्लासात होत्या तेव्हा संघमित्रा आली. दारातच उभी राहिली. हातात पेढ्यांचा लहानसा पुडा होता. बाई खुर्चीतून उठल्या. विचारायचं धाडस होईना.

"पास झाले," ती म्हणाली.

बाईंना रडू फुटलं. तोंडाला पदर लावून त्या ढसाढसा रडल्या. पास झाली! नोकरी राहिली! घर राहिलं! "कुठे केलास गो सराव? कुणी शिकवलं?"

"कोणी नाही. कचेरीत माळ्यावर एक जुना कीबोर्ड पडला होता, तो जोडून घेतला. साहेबांना सांगितलं, एक्कावन्न खोटं होतं, मला बसू द्या. जेवणाच्या सुट्टीत रोज, आणि सुटल्यावर आठपर्यंत. जुन्या फायली पुढ्यात घ्यायची, रोज वेगळी." ती जरा थांबली. "एकतीस आला, बाई. पण माझा आला."

"बस ना. उभी का? पाणी आणते."

"नको, कामावर जायचंय. साहेबांना विचारून तासाभरासाठी आलेय."

तिने पुडा टेबलावर ठेवला, उघडला आणि बाईंच्या हातावर एक पेढा ठेवला. राग नव्हता तिच्या तोंडावर. बाईंना वाटलं, झालं, मिटलं. मन हलकं झालं आणि त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "श्रुतिकाचं दहावीला जायच्या आधीच नाव घालून टाक हो. उन्हाळ्यातच. फीबी काही नको मला. माझ्या हाताखाली तयार होईल."

"घातलं, बाई. भांडुपच्या क्लासात."

"भांडुपला? अगं, ते सर तर किती ओरडतात पोरांवर! सगळ्यांसमोर!"

"हो, पोरगी सांगत होती." संघमित्राने पर्स खांद्याला लावली. "पण चूक झाली की त्याच दिवशी ओरडतात."

ती जिना उतरून गेली. बाई पेढा हातात घेऊन बराच वेळ तशाच उभ्या होत्या. तीनची बॅच यायला लागली तेव्हा त्यांनी तो पुड्यात परत ठेवला आणि मुलांना बसायला सांगितलं.